घरी अंडी उबवायला छोटं यंत्र कुठलं घेऊ? (कोल्हापूर, बजेट ४,००० रुपये)

कळंबा_अंगण
नमस्कार मंडळी. आम्ही कळंब्याजवळ राहतो, मागं छोटं परसू आहे. माझी आई गारगोटीकडच्या गावी असते. माझ्या लहानपणापासून तिच्याकडं बोडक्या मानेच्या गावठी कोंबड्यांचा एकच वाण चालत आलाय. या मे महिन्यात मुंगसानं तीन माद्या नेल्या. आता पाच माद्या आणि एक कोंबडा उरलाय, आणि आईच्यानं आता खुराडं सांभाळणं होत नाही. तो वाण संपायच्या आत माझ्याकडं दहा-बारा पिल्लं तरी व्हावीत एवढीच इच्छा आहे. सध्या त्यातली एकही कोंबडी खुडूक (अंड्यांवर बसायला तयार) नाही, म्हणून यंत्राचा विचार.
बजेट चार हजार, त्यावर नाही. अंडी २०-२४. आमच्याकडं पावसात दोन-तीन तास लाईट जाते. अंडी आपोआप फिरवणारं घ्यावं की हातानं फिरवायचं चालेल? आणि आत्ता जुलैत घालू की दिवाळीनंतर?

वारणाकाठ
ताई, छोट्या यंत्राच्या नादाला लागू नका. मी ५०० अंड्यांचं फुल ऑटोमॅटिक घेतलं, २८ हजाराला. दीड वर्षात पैसे वसूल. आता आजूबाजूच्या पाच गावांतनं लोक अंडी उबवायला आणून देतात. घ्यायचंच तर एकदाच मोठं घ्या.

शाहूपुरी_पेठ
विकत कशाला? थर्माकोलचा मासळीचा खोका, ४० वॅटचे दोन बल्ब, तापमान राखणारा डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरचा जुना पंखा. माझा सगळा खर्च हजाराच्या आत बसला. एकच सांगतो, पंखा लावल्याशिवाय अंडी घालू नका. माझ्या पहिल्या खेपेला पंखा नव्हता. बल्बाजवळची अंडी शिजल्यासारखी झाली आणि कोपऱ्यातली गारठली. तीसपैकी एक पिल्लू निघालं, तेही लंगडं.

कळंबा_अंगण
@वारणाकाठ दादा, मला वीसच अंडी घालायची आहेत, धंदा करायचा नाही.
@शाहूपुरी_पेठ वायरिंगचं काम मला जमणार नाही, घरात लहान मुलगी आहे. पंख्याचं मात्र लक्षात ठेवते.

आजरा_घनसाळ
यंत्र नकोच. शेजारीपाजारी खुडूक कोंबडी मिळतेच, दोन दिवस चौकशी करा. रात्री अंधारात तिच्याखाली अंडी सरकवायची, रवणाला बसली की २१ दिवस बघायला लागत नाही. माझी आजी डालग्यात भाताचं पिंजार घालून तेरा अंडी बसवायची, बाजूला विळ्याचं तुटकं पातं ठेवायची, आभाळातल्या विजेनं अंडी बाद होऊ नयेत म्हणून. बारा पिल्लं ठरलेली. शिवाय पिल्लांना घार आली, मांजर आलं, सगळं तीच बघते. यंत्र पिल्लांना पंखाखाली घेत नाही.

प्रयाग_चिखली
कुठलंही यंत्र घ्या, आधी इन्व्हर्टर. २०१९ च्या पुरात आम्ही गाव सोडलं तेव्हा यंत्रात ६० अंडी होती, सतराव्या दिवशीची. परत आलो तेव्हा घराला वास. त्यातल्या निम्म्या अंड्यांत पिल्लं हलताना मी आधल्याच रात्री टॉर्चवर बघितली होती. ते अजून डोळ्यांसमोरनं जात नाही. दिवाळीनंतरच घाला.

तालीम_गंगावेस
गावठीत काय ठेवलंय, कडकनाथची अंडी आणा. २०१८ ला झाबुआच्या या काळ्या कोंबडीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. भाव बघा मटणाला!

आजरा_घनसाळ
कडकनाथचं नाव काढू नका. एका योजनेत मी पैसे घालून बसलोय, कोंबड्या राहिल्या आणि विकत घेणारा पळाला. ताई आईचा वाण विचारतायत, त्याबद्दल बोला.

गुजरीचा_काटा
माझं काम सोन्याच्या काट्यावर चालतं, म्हणून मी अंडी तोलून बघितली. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन बारा-तेरा टक्क्यांनी उतरायला पाहिजे. म्हणजे ४५ ग्रॅमचं गावठी अंडं ३९.१ ते ३९.६ वर यावं. फार कमी उतरलं तर आत हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवच फोडता फोडता गुदमरतं. माझ्या दुसऱ्या खेपेला हेच झालं होतं, पावसाळा असूनही मी रोज पाणी घालत होतो. आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा मी काट्यावर विश्वास ठेवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असला तरी सगळी अंडी एकत्र तोलून अंदाज येतो.

मंगळवार_बाजार
टोकदार अंडी बाजूला काढा ताई, त्यातनं कोंबडे निघतात. गोल अंडी घाला, सगळ्या तलंगा (तरुण माद्या) मिळतील.

पशुधन_निवृत्त
मी पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. अंड्याच्या आकारावरून नर-मादी कळत नाही, निम्मे कोंबडे धरूनच चला. आकार बघायचा तो वेगळ्या कारणानं: फार लांबट, वेडंवाकडं, तडा गेलेलं अंडं घालू नये. घाण असलं तरी धुऊ नका, कवचावरचा थर जातो.

कळंबा_अंगण, तुमच्या प्रश्नाचं बोलतो. लोक म्हणतात पावसाळ्यात आर्द्रता जास्त म्हणून घालू नका. ती आर्द्रता बाहेरच्या हवेची. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के असली, तरी तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की ४४-४५ टक्क्यांवर येते. पहिल्या १८ दिवसांना हवी तेवढीच. म्हणजे कोल्हापूरच्या जुलैत पहिले १८ दिवस पाण्याची वाटी रिकामी ठेवली तरी बहुधा चालतं. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट, पाणी सतत लागतं. शेवटचे तीन दिवस मात्र ६५ ते ७० टक्के लागतात, तेव्हा पाणी भरा आणि एक ओला स्पंजही आत ठेवा.

दुसरं, यंत्राच्या काचेवरचा आकडा खरा मानू नका. स्वस्त यंत्रात एक-दीड अंशाचा फरक सर्रास असतो. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून ताडून घ्या. पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८. आर्द्रतामापक तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्यानं ओलसर करा आणि ते झाकण व मापक दोन्ही हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर पुढं प्रत्येक वेळी पाच मिळवायचे.

लाईट गेली तर झाकण उघडायचं नाही, वरून गोधडी टाकायची, फक्त हवेची भोकं पूर्ण बुजवायची नाहीत. दोन-तीन तासांच्या गारव्यानं अंडी मरत नाहीत, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतात. भीती तापण्याची. ४० अंशांच्या वर फार वेळ गेला तर खेप हातची गेली.

वारणाकाठ
सर बरोबर बोलले, म्हणूनच म्हणतो फुल ऑटोमॅटिक घ्या. माझ्यात तापमान वाढलं की भोंगा वाजतो.

शिरोली_नाका
वर कुणीतरी म्हटलंय तेच सांगतो, इन्व्हर्टर घ्या. आणि दुकानातली अंडी घालू नका. मी डझनभर घातली, एकही फळलं नाही. नंतर कळलं, लेयरच्या (फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) फार्मवर कोंबडाच नसतो.

राधानगरी_पाणलोट
अंडी गावाहून कशी आणणार ते कुणी सांगितलंच नाही. मी एसटीनं आणतो. डब्यात खाली भाताचा तूस, अंड्याचं निमुळतं टोक खाली, डबा मांडीवर. घरी आल्यावर लगेच यंत्रात नाही, एक दिवस तशीच उभी ठेवायची, आतली हवेची पोकळी जागेवर बसते. साठवलेलं अंडं सात दिवसांपर्यंत चांगलं, पुढं फळण्याचं प्रमाण घसरत जातं. फ्रिजमध्ये ठेवू नका, फार गार होतात. आमच्यात माठाशेजारी ओल्या फडक्याच्या गारव्यात टोपली ठेवतात.

मंगळवार_बाजार
आमच्या घरात तीन पिढ्या गोल अंडीच बसवतात, आणि तलंगा जास्त निघतात. पुस्तकात काहीही असू दे.

पशुधन_निवृत्त
मंगळवार_बाजार, पुढच्या खेपेला टोकदार आणि गोल वेगळी करून खुणा करा आणि मोजून इथं लिहा. मला खरंच वाचायला आवडेल.
ताई, यंत्र जमलंच नाही तर दुसरी वाट आहे. पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरात आहे, तिथं सुधारित जातींच्या पिल्लांची चौकशी करता येईल. पण आईचा वाण पाहिजे असेल तर तो तुम्हालाच उबवावा लागेल.

कळंबा_अंगण
सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय, आणि बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध ठरवलंय याची कल्पना आहे. २४ अंड्यांचं पंख्याचं यंत्र घेतलं, हातानं फिरवायचं, ३,२०० रुपये. इन्व्हर्टर घेतला नाही. दिवाळीपर्यंत थांबणार नाही, तोवर मुंगूस परत आलं तर काय करू? हातानं फिरवायचं मुद्दाम घेतलं. मुलगी पाचवीत आहे, सकाळी शाळेला जाताना, शाळेतनं आल्यावर आणि झोपताना तीच फिरवणार. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढलाय. आईकडून २१ अंडी आणली, आठ दिवसांत जमलेली. ताप बघायच्या थर्मामीटरनं ताडलं तर यंत्र ०.९ अंश जास्त दाखवत होतं. तेवढ्यावर भरवसा ठेवला असता तर अंडी २१ दिवस गारच राहिली असती. काल रात्री एक दिवस विसावल्यावर घातली.

वारणाकाठ
हातानं फिरवायचं घेऊन चूक केलीत. एक दिवस विसरलात की संपलं.

गुजरीचा_काटा
तिन्ही वेळा फिरवलं तर पुरे. विषम आकडा ठेवलाय तेही चांगलं, रोज रात्री बाजू बदलते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. आजचं वजन लिहून ठेवा.

कळंबा_अंगण
सातवा दिवस. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक धरून बघितलं. १७ अंड्यांत लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका, ४ कोरी. मुलगी अर्धा तास एकाच अंड्याकडं बघत बसली होती, शेवटी मीच ते काढून परत आत ठेवलं.

कळंबा_अंगण
सोळाव्या दिवशी रात्री चार तास लाईट नव्हती. गोधडी टाकून बसलो, झाकण उघडलं नाही. आज अठरावा, १५ जिवंत आहेत. वजन बारा टक्क्यांनी उतरलंय. पाणी आजपासून. एक विचारायचंय, कवचाला आतून टोच मारल्यावर पिल्लू किती वेळात बाहेर यायला पाहिजे?

पशुधन_निवृत्त
टोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ तासही लागू शकतात. कवच सोलायला जाऊ नका. शिरा अजून सुकलेल्या नसतात, रक्त जातं. आणि पहिलं पिल्लू निघालं म्हणून झाकण उघडू नका, ओलावा गेला की बाकीच्यांची आतली चामडी सुकून आवळते. पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात असतो, निघालेलं पिल्लू दोन दिवस दाणापाण्याविना राहतं.

आजरा_घनसाळ
बाहेर काढल्यावर पहिलं पाणी गुळाचं द्या, कोमट. खाली वर्तमानपत्र अंथरू नका, पाय घसरून फाकतात. भाताचा तूस घाला. कोंबडीखाली बसवली असती तर हे काहीच करायला लागलं नसतं, तरी मनापासून शुभेच्छा.

कळंबा_अंगण
काल बाविसावा दिवस. १२ निघाली. दोन कवचातच गेली, एक टोच मारून थांबलं ते थांबलंच. बारातल्या नवांच्या माना बोडक्या, तिघांच्या मानेला पुढच्या बाजूला पिसांचा झुबका आहे. आईला फोनवर चिवचिव ऐकवली तर तिनं पहिलं विचारलं, मान बोडकी हाय न्हवं? झुबक्याचं सांगितल्यावर म्हणाली, त्या पाचांतली एक तुझ्या मामीनं दिलेली, तिला मानेभर पिसं हायत.

पशुधन_निवृत्त
बरोबर. आईबापातल्या एकाचीच मान बोडकी असेल तर असाच झुबका येतो. तो नको असेल तर त्या तिघांची वीण पुढं ठेवू नका. आणि सगळी पिल्लं एकाच कोंबड्याची आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी बोडक्या मानेचाच पण दुसऱ्या गावचा कोंबडा आणा. आत्ता खोक्यात बल्बाखाली पहिल्या आठवड्याला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं बल्बाखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. ती चुकवू नका.

कळंबा_अंगण
लसीची बाटली बारा पिल्लांपुरती मिळत नाही, औषधाच्या दुकानात १०० डोसची आहे आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायला लागते म्हणाले. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी भागात कुणाकडं आठवड्याच्या आतली पिल्लं असतील तर येत्या रविवारी सकाळी नऊला आमच्याकडं आणा. बाटली मी बर्फात आणून ठेवते.