मदत हवी आहे : दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याच्या अर्जात न्यायाधीशांविषयी काय आणि किती लिहावे?

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करतो. सनद मिळून चार वर्षे झाली. वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाच्या एका दाव्यात मी वादींचा वकील आहे आणि त्यातील एका प्रश्नावर अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमासाठीचा आमचा अर्ज नामंजूर झाला आणि नंतर आमची तहकुबी दोनदा नाकारली गेली. एवढ्यावरून कोणी न्यायाधीशांवर संशय घेऊ नये, असेच माझे मत आहे. मात्र गेल्या तारखेला, अजून एकाही साक्षीदाराचा उलटतपास झालेला नसताना, न्यायाधीशांनी माझ्या पक्षकारांना भर कोर्टात सुनावले की हा दावा तुम्ही केवळ भावाला त्रास देण्यासाठी लावून धरला आहे. हे शब्द मी स्वतः ऐकले. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची नक्कल काढली, तर त्यात त्यांचा उल्लेख नाही.

पक्षकार वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दावा वर्ग करण्याचा अर्ज द्यावा, आणि त्यात न्यायाधीश प्रतिवादींना पैशाने मिळालेले आहेत असे स्पष्ट लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे. हे कोणी पाहिले असे विचारल्यावर भावकीतील एकाचे नाव पुढे आले. त्या गृहस्थांनी शपथपत्र करण्यास साफ नकार दिला. तरीही "शपथ मी घेतो, तुम्ही फक्त सही करा, वकीलसाहेब," असे पक्षकार म्हणतात.

माझ्या मते ही सही 'फक्त' नसते. नागपूर उच्च न्यायालयातून गेलेल्या एम. वाय. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, प्रथमदर्शनी पुरेसा आधार आहे याची वाजवी खात्री न करता न्यायाधीशांची बदनामी करणाऱ्या वर्ग अर्जावर सही करणारा वकील स्वतःही अवमानाचा दोषी ठरतो. दुसरीकडे, न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ६ नुसार कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्यांविषयी दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयापुढे किंवा उच्च न्यायालयापुढे सद्भावनेने केलेले निवेदन अवमान ठरत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही वकिलाला लाचारीने वागू नको असेच सांगतात, आणि गंभीर तक्रारीला योग्य कारण असेल तर ती योग्य अधिकाऱ्यांकडे मांडणे हा त्याचा हक्क आणि कर्तव्य मानतात. म्हणून पैशाचा आरोप मी लिहिणार नाही, हे ठरलेले आहे. पण कोर्टात उच्चारलेले ते वाक्य मात्र गाळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण पुराव्याआधीच मत बनले असल्याची पक्षकारांची भीती त्या वाक्यापुरती खरी आहे.

अडचण इथेच आहे. ते वाक्य केवळ पक्षकारांच्या शपथपत्रावर मांडले, तर रोजनाम्यात नसल्यामुळे ते रचलेले वाटेल. आणि मी माझे शपथपत्र दिले, तर ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्यात वकील म्हणून उभे राहू नये, हा नियम आड येतो. अशा वेळी आधी त्याच न्यायालयात छोटा अर्ज देऊन, त्या दिवशी काय बोलले गेले याची आदराने नोंद मागावी का? की त्यामुळे न्यायाधीशांना विनाकारण आव्हान दिल्यासारखे होईल?

दुसरे असे की, पक्षकार आपल्या आग्रहावरून हटले नाहीत तर मला वकीलपत्र सोडावे लागेल. पुरेसे कारण आणि वाजवी नोटीस हवी, न्यायालयाची परवानगी हवी आणि काम न झालेल्या भागाची फी परत करायची, हे मला माहीत आहे. परंतु परवानगीच्या अर्जात कारण कोणत्या शब्दांत लिहावे? मतभेद नेमका कशावरून झाला हे उघड केले तर पक्षकारांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मीच न्यायालयापुढे ठेवल्यासारखे होईल. पुढची तारीख अठरा दिवसांवर आहे. ज्यांनी असे अर्ज स्वतः लिहिले किंवा चालवले आहेत, त्यांनी शक्य असल्यास मसुद्यातील नेमकी वाक्येच सुचवावीत, ही विनंती.