विंडोज १० गेलं, मिंट आलं, पण काउंटर-स्ट्राइक सुटत नाही

सांगलीकर८३

नमस्कार मंडळी. घरचा पीसी २०१७ चा आहे: आय५-७४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. ठणठणीत मशीन भंगारात घालायला मन होईना, म्हणून महिन्यापूर्वी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ऑफिसचं काम, बँक, मुलीचा अभ्यास, सगळं सुरळीत चाललंय.

अडलंय ते गेमपाशी. २००४ मध्ये विश्रामबागला एका कॅफेत तासाला २० रुपये देऊन आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम खेळायचो. पाच जण एका रांगेत, पाच जण पाठीमागच्या रांगेत, आणि कोणी मेलं की खुर्ची सरकल्याचा आवाज. मग नोकरी, लग्न, मधे बरीच वर्षं काहीच नाही. लॉकडाउनमध्ये पुन्हा सुरू केलं, आणि आता ४२ व्या वर्षी मुलगी झोपल्यावर दोन मॅच झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको परवा अगदी मनापासून विचारत होती, "तेच मैदान, तेच दरवाजे, तुला यात रोज नवीन काय मिळतं?" मला धड सांगता आलं नाही.

तर, एक: काउंटर-स्ट्राइक २ सुरू होतो, पण पहिल्या मॅचमध्ये अडकत अडकत चालतो. दोन: जुन्या डी ड्राइव्हवरचे बाकीचे गेम सुरूच होत नाहीत. तीन: भाचा व्हॅलोरंट या तसल्याच दुसऱ्या गेमला बोलावतोय, ते लिनक्सवर जमेल का? आणि चौथा प्रश्न बायकोचा. तुम्ही काय उत्तर देता?

टर्मिनलवाला

डी ड्राइव्ह विंडोजच्या काळातला म्हणजे एनटीएफएस, विंडोजच्या फाइल-पद्धतीतला, असणार. त्यावरून प्रोटॉनचे (विंडोजसाठी बनलेले, लिनक्सवर चालवलेले) गेम न चालणं ही नेहमीची तक्रार आहे. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, ड्राइव्ह एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा, गेम परत उतरवा. तेच फोल्डर वाचवत बसू नका, त्यात दोन संध्याकाळी जातात.

आरएक्स ५८० ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) यांत सगळं आहे. पहिल्या मॅचचं अडकणं शेडरमुळे, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे असतं. स्टीम (गेम जिथून उतरवतो ते ॲप) सुरुवातीला शेडर तयार करत असतं तेव्हा 'वगळा' दाबू नका, पूर्ण होऊ द्या.

शनिवारची_मॅच

दादा, मी नागपूरला असते, भाऊ पुण्यात. दर शनिवारी रात्री आम्ही दोघं आणि त्याचे तीन मित्र मुंबईच्या सर्व्हरवर खेळतो. २०१९ पासून माझ्याकडे फक्त लिनक्स आहे, त्यामुळे तुमचे चारही प्रश्न मला घरचेच वाटले.

आधी वहिनींचा प्रश्न. मी माझ्या आईला हे असं दाखवलं होतं. उजवीकडे पळत असताना गोळी झाडली की ती भलतीकडेच जाते. म्हणून उजवीकडची की सोडायची, क्षणभर डावीकडची टिचकवायची, शरीर थांबतं, त्याच क्षणी गोळी. एवढंच. हे हातात बसायला मला सात-आठ महिने लागले. आणि बसलं तेव्हा कुणी बक्षीस दिलं नाही, नवीन बंदूक दिली नाही. समोरच्याकडे तीच एके रायफल आहे, गेममधले तेच २७०० डॉलर त्याने मोजलेत. माझ्याकडे जास्त आहे ते फक्त हातात मुरलेलं. आई तीस वर्षं पोळ्या लाटतेय, तिला हे लगेच समजलं.

दुसरी गोष्ट गेल्या महिन्यातली. इन्फर्नो नावाचं मैदान, बी साइट, म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा. आमचे चौघं मेलेले, त्यांचा एक जिवंत, बॉम्ब लावलेला. माझ्याकडे बॉम्ब निकामी करायचं किट नाही, म्हणजे १० सेकंद लागणार. बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो, पण तो लागला की पडद्यावरची वेळ जाते, उरतो फक्त बीप. बीप जवळजवळ येत जातात आणि त्यावरून अंदाज बांधायचा. मी निकामी करायला सुरुवात केली, नुसता तो आवाज त्याच्या कानावर जाऊ दिला आणि सोडून दिलं. तो शवपेट्यांच्या मागून डोकावला. त्याला वाटलं मी बॉम्बवर वाकलेय. मी आधीच तिकडे वळून उभी होते. मग १० सेकंद. भाऊ हेडफोनमध्ये श्वास रोखून होता, ते मला ऐकू येत होतं.

मला जे मिळतं ते हेच. कुठेतरी एक अनोळखी माणूस माझ्याबद्दल विचार करत होता, मी त्याच्याबद्दल, आणि त्या घटकेला मी एक पायरी पुढचा विचार केला. कॉम्प्युटरने चालवलेला शत्रू हे देऊ शकत नाही. मैदान तेच असतं म्हणूनच हे जमतं. दरवाजे पाठ झाल्यावर लक्ष माणसाकडे लागतं.

आता व्हॅलोरंट. नाही चालणार. पण का, ते नीट सांगते, कारण लोक 'लिनक्समध्ये दम नाही' म्हणून मोकळे होतात आणि ते खरं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं. वाइन आणि डीएक्सव्हीके हे दोन प्रोग्रॅम मिळून ते विंडोजच्या गेमचं म्हणणं व्हल्कन या ग्राफिक्सच्या भाषेत लिनक्सला सांगतं. २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर आला तो याच जोरावर. काउंटर-स्ट्राइक २ ला तर प्रोटॉनही लागत नाही, त्याची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे. चित्र दाखवणं ही अडचण केव्हाच सुटली.

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे फसवेगिरी (चीट) पकडणाऱ्या प्रोग्रॅमपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसून पहारा देतं. लिनक्सचा कर्नल ज्याच्या त्याच्या हातात, हवा तसा बदलून बांधता येतो, मग तिथल्या पहारेकऱ्यावर कंपनीने भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण ते वापरायचं की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. एपेक्स लेजंड्स चालत होता. २०२४ च्या शरद ऋतूत, चीट इथून येतात असं कारण देऊन, लिनक्सला बंद केला. बॅटलफिल्ड ६ चं अँटी-चीटही विंडोजच्या कर्नलमध्येच बसतं, तोही इथे नाही. ओव्हरवॉच आणि मार्व्हल रायव्हल्स मात्र प्रोटॉनवर चालतात.

मला त्या कंपन्यांचा राग येत नाही. इन्फर्नोवरच्या त्या माणसाला मी भिंतीआडून दिसत असते, तर माझ्या दहा सेकंदांना काही अर्थच उरला नसता. पहारा हवाच. पण तो माझ्या मशीनच्या गाभ्यात, गेम बंद असतानाही बसून राहणार असेल तर मला नको, आणि त्यासाठी मी चार चांगले गेम सोडलेत. काउंटर-स्ट्राइकचे सामने भरवणारं फेसइटही सोडलं, त्यांचं अँटी-चीट फक्त विंडोजवर आहे. त्याची चुटपुट आजही आहे, तिथले सामने फार चुरशीचे होतात.

एक सांगायचं राहिलं. अनोळखी टीममध्ये मी माइक बंद ठेवते. बाईचा आवाज ऐकला की काही जण सामना सोडून भलतंच बोलायला लागतात. पिंगचं बटण आहे, शत्रू कुठे आहे ते त्याने दाखवता येतं. मुलगी पुढे खेळायला लागली तर तिला हे आधीच शिकवून ठेवा.

होस्टेल_बी_विंग

ताई, सगळं पटलं, तरी मी वेगळं करतो. आमच्या विंगमधले नऊ जण व्हॅलोरंट खेळतात. मी दुसरी एसएसडी घेऊन त्यावर फक्त विंडोज आणि तो एक गेम ठेवलाय, बाकी सगळं फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर. सेमिस्टर संपलं की हे नऊ जण नऊ गावांना जाणार. मला आत्ता त्यांच्याबरोबर खेळायचंय, कर्नलचा विचार नंतर. काका, भाचा जवळचा असेल तर हाही रस्ता बघा.

सांगलीकर८३

सगळ्यांचे आभार. डी ड्राइव्ह एक्स्ट४ केला, रात्रभर गेम उतरवले. पहिली मॅच जरा अडकली, तिसरीपासून एकदम मऊ.

ताईंचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. मग ती शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि बॉम्ब लागल्यावर म्हणाली, "बीप जवळ आले, पळ!" मी पळालो, वाचलो. भाच्याशी बोललो. दुसरी डिस्क घ्यायची नाही असं ठरलं, त्यानेच काउंटर-स्ट्राइक उतरवलाय, रविवारी सकाळी बसतोय.

आता एकच. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं) आहे, पण मिंट ६० वरच दाखवतंय. कुठे बदलायचं?

शनिवारची_मॅच

सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट. यादीत १४४ नसेल तर एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्टची केबल लावून बघा. रविवारी डस्ट २ मैदानावर भाच्याला लाँगला, म्हणजे लांबच्या वाटेला पाठवा, तुम्ही मिडचे, मधल्या वाटेवरचे दरवाजे धरा. ते तुम्हाला २००४ पासून पाठ आहेत.