‘अटकेपार’मधली अटक नेमकी कुठली?

पेठेतला पाहुणा:

परवा आमच्या चौकात नवा फ्लेक्स लागला. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी सिंगापूरला बुद्धिबळाच्या स्पर्धेत दुसरी आली, त्याचं अभिनंदन. तिचा फोटो पासपोर्टएवढा, शुभेच्छुकांचे त्याच्या चौपट, आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘अटकेपार झेंडा!’ माझी पुतणी चौथीत आहे. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची तिला सवय. हीही वाचली आणि विचारलं, ‘‘काका, हिला पोलिसांनी पकडलं होतं का?’’

मी हसलो. म्हटलं, अगं, अटक हे गाव आहे. ‘‘कुठंय?’’ पंजाबात. ‘‘आपल्या?’’ इथं माझी गाडी अडली. घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली अफगाणिस्तानात. भाऊ म्हणाला, सिंधूच्या काठी कुठंतरी, आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. वहिनीचं उत्तर सगळ्यांत प्रामाणिक होतं: ‘‘मला तर आजवर ते गाव आहे हेच माहीत नव्हतं. नुसतं म्हणायचं असतं असं वाटायचं.’’

हे गाव नक्की कुठं आहे? पोलिसांच्या अटकेशी त्याचं काही नातं आहे का? आणि सिंगापूरला अटकेपार म्हणावं का? सिंगापूर तर पार दुसऱ्या टोकाला!

खुर्दकर:

पाहुणे, एक सावधगिरी बाळगा. फोनवर शोधलंत तर ‘अटक’ नावाचं जे मोठं शहर दिसेल ते आपलं नव्हे. ते इंग्रजांनी वसवलेलं कॅम्बेलपूर. १९७८ साली पाकिस्ताननं त्याचं नाव बदलून अटक केलं. ज्यांच्या स्वारीवरून ‘अटकेपार झेंडा’ आला, त्या राघोबादादांच्या काळी ते शहर नव्हतंच.

आपली अटक नदीकाठची. काबूल नदी जिथं सिंधूला मिळते, त्याच्या थोडं खाली सिंधूच्या पूर्व तीरावर अकबरानं १५८० च्या दशकात किल्ला बांधला. आज तो पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात आहे. आणि त्या किल्ल्याशेजारच्या जुन्या गावाचं आजचं नाव काय असेल? अटक खुर्द! आमच्या कोंढवा खुर्द, वडगाव खुर्दसारखंच. फारसीत खुर्द म्हणजे धाकटं आणि बुजुर्ग म्हणजे थोरलं, त्या बुजुर्गचं आपण बुद्रुक केलं. मी जन्मभर ‘खुर्द’ हा पुणे जिल्ह्याचा खास माल समजत होतो. पत्त्यात खुर्द लिहायचं राहिलं की कुरिअर बुद्रुकला जातं, म्हणून मला त्या शब्दाचा रागच होता. अटकेच्या नावामागं तो दिसल्यापासून जरा निवळला आहे.

आडवाट:

व्याकरणाचं बघू. ‘अटक’ स्त्रीलिंगी, म्हणून सामान्यरूप ‘अटके’ आणि त्याला ‘पार’. पोलिसांची अटकही स्त्रीलिंगी, तिचंही ‘अटकेत’, ‘अटकेचा’. दोन्हींची रूपं हुबेहूब सारखी, त्यामुळं चौथीतल्या मुलीनं जो अर्थ लावला तो व्याकरणाला धरूनच आहे. तिला शाबासकी द्या.

अर्थाकडून पाहिलं तरी दोन्ही अटका एकमेकींपासून फार लांब नाहीत. अटक म्हणजे अडवणूक, अटकाव. सिंधू ओलांडली की धर्म बुडतो अशी समजूत होती, त्यामुळं ही नदी म्हणजे जाण्यायेण्याची हद्दच, आणि गावाच्या नावाशी हा अटकाव नेहमी जोडला जातो. उत्तरेत एक दोहा फिरतो, निरनिराळ्या राजांच्या तोंडी घालतात: ‘सबै भूमि गोपाल की, यामें अटक कहाँ; जाके मन में अटक है, सोई अटक रहा.’ श्लेष मराठीतही जसाच्या तसा बसतो, भाषांतराची गरज नाही.

म्हणून ‘पार’ महत्त्वाचं. अटक पूर्व तीरावर, म्हणजे अटकेपार जाणं म्हणजे सिंधू उतरून पलीकडं जाणं. नुसतं लांब जाणं नव्हे, जिथं जायचं नाही असं ठरलेलं होतं तिथं जाणं. हे डोक्यात ठेवलं तर सिंगापूरला हा शब्द तितकासा शोभत नाही. तिथं ‘सातासमुद्रापार’ चांगलं, समुद्र तरी लागतो. आणि बारामतीच्या माणसानं पुण्यात दुकान काढलं की ‘अटकेपार’ छापतात, त्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

मिसळीचा कट:

आडवाट, म्हणी नकाशा बघून चालत नाहीत हो. गणितात पानिपत झालेल्या पोरानं हरयाणात जाऊन यायचं का? १७६१ च्या जानेवारीत जे झालं ते ‘पानिपत’ या एका शब्दात मावलं, आता तो शब्द निवडणुकीलाही चालतो आणि क्रिकेटलाही. अटकेचंही तेच. फ्लेक्सवाल्याला झेंडा लावायचाय, त्याला अक्षांश-रेखांश विचारू नका.

बाकी भूगोलाचं म्हणाल तर ‘काशीस जावे नित्य वदावे’ ही म्हण आपलीच. जायचं कुठं म्हटलंय? वदायचं!

वऱ्हाडी पाव्हणा:

पुणेकर अटकेवरच का थांबतात ते मला आजवर समजलं नाही. पूर्ण जोडी ‘अटक ते कटक’ अशी आहे. कटक ओडिशात, महानदीच्या काठी. १७५१ ते १८०३ ते आमच्या नागपूरकर भोसल्यांकडे होतं, म्हणजे अर्धं शतक. आणि अटक? एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरात शिरले, तिथून पुढं मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, आणि १७५९ संपायच्या आत अब्दालीनं पंजाब परत घेतला. दीडेक वर्षाचा कारभार! ज्याचा झेंडा दीड वर्ष टिकला त्याची म्हण झाली आणि ज्याचा बावन्न वर्षं टिकला तो यमकापुरता उरला. पुण्यात राहून हे बोलतो आहे, मारू नका.

खुर्दकर:

मारत नाही, उलट भर घालतो. अकबराच्या काळी ही जोडी होतीच. अटकेच्या किल्ल्याचं नाव ‘अटक बनारस’ आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला ‘कटक बनारस’. आपण ते यमक आयतं उचललं.

शिवाय जुन्या मराठीत ‘कटक’ म्हणजे सैन्य, सैन्याचा तळ. आमची आजी कॅम्पला कधी कॅम्प म्हणाली नाही, ‘लष्करात जाऊन येते’ म्हणायची, आणि आणायची काय तर बिस्किटं आणि दोऱ्याची रिळं. तिच्या पणजीच्या वेळी पुण्यात असा तळ असता तर ती कदाचित ‘कटकात जाऊन येते’ म्हणाली असती.

आडवाट:

मिसळीचा कट, म्हणी नकाशा बघून चालत नाहीत हे कबूल. पण त्या नकाशातूनच निघालेल्या असतात. १७५८ साली पुण्यात ‘अटक’ म्हटल्यावर कुणी ‘म्हणजे कुठं?’ विचारत नसणार, कारण घरचं माणूस तिकडं गेलेलं असायचं आणि त्याच्या पत्राची वाट पाहायची असायची. माहिती फार होती असं नव्हे, पण लाहोर कुठं आणि पुढच्या नद्या किती हे विचारायला कारण होतं. आता शब्द आहे, जाणारं कुणी नाही. पाहुण्यांच्या वहिनींना गाव माहीत नसणं मला त्यामुळं चुकीचं वाटत नाही. चौथीतल्या मुलीनं ‘कुठंय?’ विचारलं, हे मात्र नवीन आहे.

पेठेतला पाहुणा:

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी माझा शाळेतला जुना नकाशासंग्रह माळ्यावरून काढला. पानांना वाळवी नाही, फक्त आसामच्या बाजूला चहाचा डाग. पुतणीला म्हटलं, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा कुठं तोंड करून आहे? ‘‘उत्तरेला.’’ मग पुण्यावर बोट ठेव आणि सरळ वर जा.

पुणे ७४ अंश रेखावृत्ताच्या जेमतेम अलीकडं आहे. तिनं त्या रेषेवरून बोट वर नेलं. मालेगाव बोटाच्या आसपास गेलं, राजस्थान लागलं, आणि तिनं विचारलं, ‘‘दिल्ली कधी येणार?’’ आलीच नाही! दिल्ली ७७ च्या पुढं, बोटाच्या चांगलीच उजवीकडं राहिली. बोट थेट लाहोरच्या दारात, अगदी खेटून. तिथून थोडं वर आणि डावीकडं गेलं की सिंधू, आणि दोन नद्या मिळतात तिथं अटक. म्हणजे त्या दरवाजातून नाकासमोर निघालं तर दिल्ली चुकते आणि अटक जवळजवळ सापडते. सरळ रेषेत साधारण सतराशे किलोमीटर. पट्टीनं कन्याकुमारीही मोजली, तर ती अटकेच्या मानानं चांगली पाचशे किलोमीटर अलीकडं निघाली. यावर आई म्हणाली, ‘‘एवढं लांब घोड्यावर? आणि आम्हाला शिवनेरीनं मुंबईला जायचं तर कंबर धरते.’’

पुतणीनं पेन्सिलनं अटकेवर छोटा झेंडा काढला. मग वऱ्हाडी पाव्हण्यांचा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा कटकवरही एक काढला, जरा मोठा. बावन्न वर्षांचा म्हणून.

फ्लेक्स आज सकाळी उतरला. त्या जागी कुणा भाऊंचा वाढदिवस आहे, ‘दिलदार मनाचा राजा’ वगैरे. तिनं तोही मोठ्यानं वाचला आणि राजा कुठला, हे विचारते आहे.