पिशवीचे पैसे आणि पिशवीतलं प्लॅस्टिक: तुमचे अनुभव लिहा

केवडा
काल आईच्या घरचा माळा आवरताना वायरची पिशवी सापडली. हिरवी-पांढरी, एका बाजूची मूठ दोऱ्याने गुंडाळलेली. हातात घेतली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले.

आम्ही प्रभादेवीला राहायचो. महिन्याचं वाणसामान आई याच पिशवीतून आणायची. डाळी, पोहे, रवा सगळं रद्दीच्या कागदात बांधलेलं, वर पांढरा दोरा. तो दोरा आई रिळाला गुंडाळून ठेवायची आणि कागद डब्यांखाली अंथरायची. तेलाला घरचीच बरणी न्यायची. कचऱ्याच्या बादलीत भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, एवढंच.

आणि गेल्या रविवारी मी पिशवी विसरून सुपरमार्केटमध्ये गेले. काउंटरच्या वर मोठा बोर्ड, पृथ्वी वाचवा, आपली पिशवी आणा. खाली कॅरीबॅगचे १२ रुपये. दिले. घरी येऊन सामान ओट्यावर मांडलं आणि मोजलं. १७ वस्तू, सतराच्या सतरा प्लॅस्टिकमध्ये. चार ढोबळ्या मिरच्या ट्रेमध्ये, वरून फिल्म. सुट्या मागितल्या तर म्हणाले, अशाच येतात. नारळसुद्धा फिल्ममध्ये गुंडाळलेला.

पिशवी विसरणं माझी चूक होती, ते १२ रुपये मला मान्य आहेत. पण त्या सतरा वेष्टनांचे पैसे कोण भरणार? तो बोर्ड त्यांना कोणी का दाखवत नाही? तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे काय अनुभव आहेत?

लसूणचटणी
नारळाला फिल्म! अगं, तो बिचारा करवंटी घालूनच जन्माला येतो 😄

कुर्ल्याचा
आमचं घर मिठी नदीपासून पाच मिनिटांवर. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, आमच्याकडे पाणी छातीपर्यंत. ओसरल्यावर बाबा आणि शेजारचे काका गटाराची जाळी मोकळी करायला गेले, तर पिशव्यांचा थर इतका घट्ट बसलेला की कोयत्याने कापून काढावा लागला. गोधडीसारखा. मी तेव्हा नववीत होतो, टॉर्च धरून उभा. तो वास अजून आठवतो. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली.
कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर.

पारल्याची_सून
आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या कोणाला आठवतात? पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड, रिकाम्या बाटल्या दिल्याशिवाय भरलेल्या मिळायच्या नाहीत. ते अ‍ॅल्युमिनियमचं झाकण जमवून आम्ही गणपतीला तोरण करायचो. विषयाला धरून नाही बहुतेक, पण आठवलं.

केवडा
@पारल्याची_सून विषयाला धरूनच आहे! रिकामी बाटली परत घेणं ही जबाबदारी तेव्हा विकणाऱ्याची होती.

स्टेशनरोड
२३ जून २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली तो आठवडा. स्टेशनबाहेर आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी, पालक-मेथी घेऊन बसतात. पथक आलं, गोणपाटाखाली पातळ पिशव्यांचं बंडल सापडलं. पहिल्यांदा पकडलं की दंड ५००० रुपये. मावशींच्या पूर्ण पाटीतला माल तेवढ्याचा नव्हता. आम्ही चार-पाच गिऱ्हाइकांनी वर्गणी काढली तरी अर्धेच जमले. त्या रडत नव्हत्या, नुसत्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.
मागच्याच दुकानात वेफर्सच्या माळा लटकत होत्या. कारखान्यातून पॅक होऊन येणाऱ्या मालाला बंदीतून सूट होती. नियम हवाच, मी बंदीच्या बाजूने आहे. पण ज्याच्याकडे सगळ्यांत कमी प्लॅस्टिक, त्याच्यापासून सुरुवात का?

मीठभाकर
मी तीन वर्षं बिलिंगला उभी राहिलेय, म्हणून लिहिते. दिवसभर एकच वाक्य, कॅरीबॅग हवी का. दर दहा माणसांमागे एक ओरडायचं, लुटता का म्हणून. किंमत मी ठरवली नव्हती. आणि बॅगेवर दुकानाचंच नाव छापलेलं, म्हणजे गिऱ्हाईक पैसे देऊन जाहिरात घेऊन जाणार. हे मलाही पटत नव्हतं, पण उभं राहायला लागायचं. एका आजींनी एकदा स्वतःची पिशवी उघडली आणि म्हणाल्या, तुझा दिवस लांब असतो ना गं? तेवढं पुरलं त्या दिवशी.

स्टेशनरोड
@मीठभाकर 🙏 जाहिरातीचा मुद्दा अगदी बरोबर. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने एका चपलांच्या कंपनीला हेच सुनावलं होतं. ३ रुपयांच्या कागदी पिशवीवरून ९००० रुपये भरायला लावले.

शिंपल्या
आम्ही वर्सोव्याचे. घरची डोल आहे, बोंबलाचं जाळं. जाळं वर आलं की आधी पिशव्या, रॅपर, बाटल्या वेचायच्या, मग बोंबील. आज्जीच्या वेळी जाळ्यात कचरा म्हणजे फार तर लाकडाचा ओंडका. आता मासळी निवडायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्यात बर्फ वितळतो. पावसाळ्यात मोठ्या भरतीला समुद्र सगळं परत फेकतो. लोक मरीन ड्राइव्हवर उभे राहून त्याचे व्हिडिओ काढतात. आमच्या किनाऱ्यावर २०१५ पासून लोक दर शनिवार-रविवार कचरा उचलायला यायला लागले. मीही जायचे. २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. आमच्या घरातले म्हातारे बघायला धावले. मी खोटं नाही सांगत, काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

लसूणचटणी
वाचताना काटा आला. (ताजे बोंबील सकाळी किती वाजता येतात?)

शिंपल्या
भरतीवर असतं गं, घड्याळावर नाही. येण्याआधी विचार.

ओटा
माझं थोडं वेगळं. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर. घर सोडून जाता येत नाही, म्हणून दहा मिनिटांत आणून देणाऱ्यांकडूनच मागवते. बाहेर कागदी पिशवी, आत कोथिंबीर प्लॅस्टिकमध्ये, दोन लिंबं प्लॅस्टिकमध्ये, आल्याचा तुकडासुद्धा. शिवाय डायपर. रात्री सुक्या कचऱ्याची पिशवी बांधताना जीव तुटतो माझा. पर्याय दिसत नाही म्हणून वापरते.
एक करते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देते. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच राहू द्या. तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही, थेट गटारात जातो.

केवडा
@ओटा तू जे करतेस ते फार आहे. आईचं शेवटचं वर्ष मीही असंच काढलंय. डायपरचा अपराध मनाला लावून घेऊ नकोस. खाजगीत निरोप पाठवते.

तेरावा_माळा
दुधाच्या पिशवीचं बरोबर आहे, तिला भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटाला मिळत नाही. आमचा रद्दीवाला माल धारावीला पाठवतो, त्याने समजावलं. त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. म्हणजे आपण कितीही नीट सुका कचरा वेगळा केला, तरी ते जाणार डम्पिंगलाच. देवनारचं १९२७ पासून चालू आहे आणि २०१६ च्या आगीचा धूर चेंबूरला आमच्या बाल्कनीपर्यंत आला होता. मुलाला नेब्युलायझर लावून बसलो होतो.

आजोळ
सगळ्यांना एक विनंती. दुकानात मिळणारी ती कापडासारखी रंगीत पिशवी कापडी नसते. मी कापड समजून दोन वर्षं जपली, मग तिचे केसांसारखे धागे सुटून सगळ्या कपाटात पसरले. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकच. कडेचा बारीक तुकडा कापून जाळून बघा. सुताची राख होते, ही वितळून गोळा होते. आता जुन्या साड्यांच्या शिवते. ज्यांना हव्यात त्यांना पोस्टाने पाठवीन, पैसे नकोत.

पारल्याची_सून
@आजोळ मला दोन! नऊवारीचं सूत आहे माझ्याकडे, पाठवू का शिवायला?

कुर्ल्याचा
आलो. बाबा गेले. पण तो कोयता घरी आहे अजून.

केवडा
आज वायरची पिशवी घेऊन जुन्या वाण्याकडे गेले. आता मुलगा बसतो गल्ल्यावर. म्हटलं, मूगडाळ कागदात बांधून देशील का? त्याने आत जाऊन वडिलांना बोलावलं. काकांनी कागद काढला, पुडा बांधला, दोरा गुंडाळून दाताने तोडला. मग पिशवी बघून म्हणाले, ही तर वहिनींची.

लसूणचटणी
मूठ टिकली का?

केवडा
टिकली. तीन किलो होतं.