कायदा पुरेसा नाही
धर्म आणि राजकारण कायद्याने वेगळं केलं की वाद मिटतात, हे म्हणणं मला पटत नाही. कायदा हवाच, पण फ्रान्सचंच बघा. १९०५ च्या कायद्याने तिथे चर्च आणि सरकार वेगळे झाले, तरी देशाच्या पूर्वेकडच्या अल्सास-मोझेल भागात पाद्र्यांचा (आणि रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचाही) पगार आजही सरकार देतं. कायदा झाला तेव्हा तो भाग जर्मनीकडे होता, परत आल्यावर जुनीच व्यवस्था चालू राहिली. उलट इंग्लंडमध्ये अधिकृत चर्च आहे, संसदेच्या वरिष्ठ सभागृहात (हाउस ऑफ लॉर्ड्स) २६ बिशपांच्या जागा आहेत, तरी २०२२ मध्ये हिंदू असलेले ऋषी सुनक पंतप्रधान झाले.

देवाचं नाव घेऊन मत मागणाऱ्याला आपण शाळा-दवाखान्यांबद्दल विचारतच नाही, याची मला जास्त काळजी वाटते.