मदत हवी आहे : मॉडेल गाड्यांचा क्रोम हात न लावताही का जातो?

गोदातीर (परभणी)

मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे. पण इथे वाळूज-चिकलठाण्यात नोकरी करणारे बरेच जण आहेत, रसायनशास्त्रवालेही आहेत, म्हणून टाकतोय.

काका कुवेतला होते. नव्वदच्या दशकात सुट्टीवर येताना ते अमेरिकन गाड्यांचे प्लास्टिक किट आणायचे. १/२५ मापाचे, सुटे भाग चिकटवून जोडायचे. तो सगळा ठेवा आता माझ्याकडे आलाय. प्लास्टिक ठणठणीत, रंगही बरा. गेलाय तो फक्त क्रोम, आणि प्रत्येक गाडीचा वेगळ्याच तऱ्हेने गेलाय.

१९५७ च्या बेल एअरचे बंपर सोनेरी झालेत. पितळेचे वाटावेत इतके, पण चकाकी शाबूत. एका ट्रकच्या रिमवर टायर जिथे टेकतो बरोबर तिथेच सुरकुत्या पडल्यात आणि टायर रिमला चिकटून बसलेत. एका कॅडिलॅकच्या ग्रिलवर सुईच्या टोकाएवढे ठिपके आहेत, त्यातून खालचं पांढरं प्लास्टिक दिसतं. कडांवर तर क्रोम नावालाही उरला नाही.

चौथ्याने मात्र डोकं फिरवलंय. हे किट कधी जोडलंच नाही. भाग अजून स्प्रूला (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) लटकलेले, खोकं बंद. तरी क्रोम धुरकट झालाय आणि बोट लावलं तर चिकट लागतं. ऊन नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही. मग झालं कशाने? लोखंडावरचा क्रोम खालून गंज चढून सुटतो हे कळतं. प्लास्टिक तर गंजत नाही!

फोटो जोडलेत. काही वाचवता येईल का तेही सांगा.

उंटावरचा शहाणा

टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासा. बुलेटच्या सायलेन्सरला मी तेच करतो. चकाचक होतं.

वाळूजकर

शहाणेभाऊ, सायलेन्सरला करा, पण गोदातीर, तुम्ही कृपा करून करू नका. जे उरलंय तेही फडक्यावर येईल.

मी प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा द्यायच्या) लाइनवर बरीच वर्षं काम केलंय. तुमच्या फोटोत दिसतोय तो क्रोम नाहीच. त्यात क्रोमियमचा कणही नसतो. ते ॲल्युमिनियम आहे.

खऱ्या कारची ग्रिल एबीएस प्लास्टिकची असते. ती आधी गरम क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत जाते. एबीएसमधलं रबर तिथे विरघळतं आणि पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात, धातू त्यांत पाय रोवतो. मग तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. मिळून वीस-तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून जास्त, त्यात क्रोम अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी.

किटमधलं प्लास्टिक पॉलिस्टायरीन. त्यात ते रबर नाही, त्यामुळे ही पद्धत चालत नाही. तिथे निर्वात मेटलायझिंग करतात, म्हणजे हवा काढलेल्या टाकीत धातूच्या वाफेचा थर देतात. अख्खा स्प्रू लॅकरमध्ये (वार्निशसारखा लेप) बुडवतात किंवा त्यावर लॅकर फवारतात आणि वाळवतात. मग बंद टाकीत टांगून आतली हवा काढून घेतात. टाकीत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमचे तुकडे लावलेले असतात. तार तापवली की ॲल्युमिनियमची वाफ होते आणि समोर येईल त्या भागावर जाऊन बसते. वर पुन्हा पारदर्शक लॅकर. मधला धातूचा थर साधारण ०.१ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल.

थोडक्यात तुमच्याकडे लॅकर, ॲल्युमिनियम, लॅकर अशी तीन पापुद्र्यांची गोष्ट आहे. बेल एअरचं सांगतो. तिथे धातू जागेवर आहे, पिवळा पडलाय तो वरचा लॅकर. उन्हाने, हवेने, सिगारेटच्या धुराने पडतो. बाजारात सोनेरी ट्रॉफ्या मिळतात त्या मुद्दाम अशाच करतात, खाली ॲल्युमिनियम आणि वर पिवळा रंग घातलेला लॅकर.

रसायनबाई (लातूर)

वाळूजकरांचं वाचून कॅडिलॅकच्या ठिपक्यांबद्दल लिहावंसं वाटलं.

"प्लास्टिक गंजत नाही" हे खरं, पण वरचं ॲल्युमिनियम गंजतं. एरवी त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणून टिकतं. इथे अडचण अशी की रक्षण करायला आत धातूच नाही! थर इतका पातळ की थोडाही गंजला म्हणजे संपला. आणि ॲल्युमिनियमचा ऑक्साइड लोखंडाच्या गंजासारखा तांबडा नसतो, रंगहीन असतो. त्यामुळे डाग पडल्यासारखं न दिसता भोक पडल्यासारखं दिसतं.

हा ऑक्साइड साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मध्य) टिकतो. त्याच्या खाली आम्ल त्याला खातं, वर अल्कली. धुण्याचा सोडा, ब्लीच, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव, पितळेची भांडी घासायची आंबट पावडर, यातलं काहीही चालणार नाही. घामातलं मीठ तर पीएच मधला असला तरी ऑक्साइडचा थर फोडतं, आणि लॅकरमध्ये जिथे बारीक छिद्र असेल तिथूनच सुरुवात होते. म्हणून ठिपके. धारदार कडेवर लॅकर मुळातच पातळ बसतो, म्हणून कडा आधी उघड्या पडतात.

गोदातीर, आता तुम्ही सांगा. ती बंद खोकी नेमकी कुठे होती आणि आत भागांबरोबर आणखी काय काय होतं? चिकटपणा ॲल्युमिनियमच्या गंजाने येत नाही. खालचं प्लास्टिक किंवा लॅकर मऊ झालाय.

नांदेडी पाव्हणा

बाई बरोबर बोलल्या. एक माझ्याकडून. कूलर कुठं हाय ते बगा. आमच्याकडं शोकेस कूलरच्या तोंडासमोर होतं. बोअरचं पाणी, त्याचे बारीक शिंतोडे उडायचे अन् काचंवर, खेळण्यावर पांढरे ठिपके पडायचे. एरवी आपली हवा कोरडी म्हणायची, पर उन्हाळाभर खोलीत कूलर चालू असला तर शोकेसमधी दमटच की. रातभर ओलं अन् दुपारी भट्टी. तुमचं परभणी म्हंजे मे महिन्यात ४२-४३ काय नवीन नाय.

वाळूजकर

पाव्हणे, मुद्द्याचं बोललात. तापमानाचं आणखी एक. पॉलिस्टायरीन तापल्यावर ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं. दोघं एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे दरवर्षी ताणाताण होते. लॅकर लवचीक असतो तोवर सांभाळून घेतो. जुना, कडक झाला की त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि तिथून दमट हवा आत शिरते.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. बाई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

कॅडिलॅक आणि बेल एअर बैठकीत होत्या. बेल एअर खिडकीजवळ, कॅडिलॅक (हो पाव्हणे!) कूलरच्या समोर. बंद खोकी पत्र्याच्या खोलीत माळ्यावर. तिथे मे महिन्यात हात ठेववत नाही.

खोक्यात भाग, सूचनापत्रक, खाली फोमचा तुकडा. आणि आत्ता उघडून बघितलं तर प्रत्येक खोक्यात डांबरगोळ्यांची पुडी. बऱ्याच पुड्या रिकाम्या, गोळ्या उडून गेलेल्या. काकूंची पद्धत. गोधडी असो, लग्नाचा शालू असो की कागदपत्रं, डांबरगोळी पाहिजेच.

रसायनबाई (लातूर)

सापडलं तर! डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ते न वितळता थेट वाफ होतं आणि पॉलिस्टायरीनमध्ये मुरतं. दोघांच्या रेणूंत बेन्झीनची कडी आहे, त्यामुळे एकमेकांत चांगली मिसळतात. प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं, वरच्या लॅकरला सुरकुत्या पडतात आणि त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमही मोडतं. वर पत्रा तापलेला, म्हणजे गोळ्या भराभर उडणार, आणि खोकं बंद, म्हणजे वाफ जाणार कुठे? काही गोळ्या पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्या असतात, त्याही पॉलिस्टायरीनला तशाच वाईट. कीटकांसाठी काही ठेवायचंच असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि तोही भागांना न टेकवता.

फोमही काढून टाका. जुना फोम विरघळल्यासारखा होऊन चिकटतो.

ते भाग खोक्याबाहेर सावलीत, हवेशीर जागी मोकळे ठेवा आणि हात लावू नका. नॅफ्थलीन हळूहळू बाहेर पडेल तसा चिकटपणा कमी व्हायला हवा. पडलेल्या सुरकुत्या मात्र जाणार नाहीत.

चिमुकली गॅरेज (छत्रपती संभाजीनगर)

उशिरा आलो. मी हे किट जोडतो, म्हणून ट्रकच्या चाकांवर बोलतो.

तिथेही डांबरगोळीचीच भावंडं आहेत. किटमधले मऊ टायर बहुतेक पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ करायला त्यात तेलासारखे प्लास्टिसायझर घालतात. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनमध्ये शिरतं. रिम, काच, सीट, जिथे टायर टेकेल तिथे प्लास्टिक वितळल्यासारखं होतं. खोक्यात टायरची पिशवी फाटून टायर विंडशील्डवर पडला तर काचेवर त्याचा ठसा उमटतो, हे आमच्यात सगळ्यांनी पाहिलंय. यापुढे टायर नेहमी वेगळ्या पिशवीत. जोडताना रिमवर नळ फिटिंगची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा आणि मग टायर चढवा. टेफ्लॉनमधून ते तेल सहसा जात नाही, आणि टेप टायरच्या आड लपते.

सुपरग्लूपासूनही क्रोम जपा. त्याची वाफ दमट हवेत पांढरी भुकटी होऊन बसते. आणि प्लास्टिक जोडायचा गोंद (सिमेंट) क्रोमवरून चिकटत नाही, खालचा लॅकर मात्र विरघळवतो. जोडायच्या जागेपुरता क्रोम ब्लेडने खरवडून घ्यायचा.

आता दुरुस्ती. बेल एअर आहे तशी राहू द्या, असं माझं मत. त्या वयाच्या गाडीला तो रंग शोभतो, आणि लॅकर काढायला जाल तर धातूही जाईल. कॅडिलॅकच्या ग्रिलचं मात्र सगळं उतरवून नव्याने करावं लागेल. बाईंनी ज्याला हात लावू नका म्हटलं तेच ब्लीच इथे कामाला येतं. कपडे पांढरे करायचं साधं लिक्विड प्लास्टिकच्या डब्यात घ्या, भाग बुडवा. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत चांदी गायब होते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. खाली लॅकरचा पिवळट थर उरतो, तो बहुतेकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या ब्रशने निघतो. थिनर नको, प्लास्टिकच खाईल. शेवटी धुवायला बोअरचं पाणी नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

मग चकचकीत काळा रंग. काळा का, तर क्रोमचा रंग पातळ असतो आणि त्याला खोली त्या काळ्यातूनच येते. खाली जेवढा गुळगुळीत काळा, तेवढा वर आरसा. एअरब्रश (रंग फवारायचं बारीक यंत्र) असेल तर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग, नसेल तर मोलोटो कंपनीची लिक्विड क्रोम पेनं मिळतात, ऑनलाइन मागवावी लागतील. पेनाचा क्रोम वाळल्यासारखा वाटला तरी बरेच दिवस बोट लावू नका, ठसा राहतो. आणि वरून वार्निशचा मोह टाळा, क्षणात चंदेरीचा करडा होतो. हार्डवेअरच्या दुकानातला "क्रोम" स्प्रे घेऊ नका, तो साधा चंदेरी रंग आहे.

नांदेडी पाव्हणा

मिठाईवरचा चांदीचा वरख लावला तर? खरी चांदी, लई चमकंल.

रसायनबाई (लातूर)

चमकेल, पण घरातल्या चांदीच्या निरांजनाला काय होतं? हवेतल्या गंधकाने काळं पडतं. वरखाचं तेच होईल, आणि इतक्या बारीक ग्रिलवर तो फाटेलही.

गोदातीर

बेल एअरला हात लावत नाही, ठरलं. चिमुकली गॅरेज, ट्रकचे टायर सोडवायला काही युक्ती? ओढले तर रिम तुटेल अशी भीती वाटते.

आणि वाळूजकर, एक विचारू का? त्या न जोडलेल्या किटचा अख्खा स्प्रू तुमच्याकडे आणून पुन्हा मेटलायझिंग होईल का? खर्च करायला तयार आहे.

चिमुकली गॅरेज (छत्रपती संभाजीनगर)

टायर वाचवायचा की रिम, ते आधी ठरवा. दोन्ही वाचणं कठीण. मी असतो तर टायर कापून काढला असता. या मापाचे टायर सुटे मिळतात, त्या ट्रकची रिम मिळणार नाही.

वाळूजकर

आमच्या लाइनवर नाही होणार. आमचं काम एबीएसचं. पॉलिस्टायरीन त्या ॲसिडच्या टाकीत घातलं तर धातू धरणार नाही, भाग मात्र वाकडा होऊन बाहेर येईल. तुम्हाला निर्वात टाकीवाला पाहिजे. मोटारींच्या हेडलाइटच्या आतला आरसा असाच होतो, बाटल्यांची चंदेरी झाकणं, बटणं आणि ट्रॉफ्याही. अशी जॉबवर्क करणाऱ्यांकडे विचारा. एका किटसाठी कुणी टाकी चालू करणार नाही, पण त्यांच्या चालू मालाबरोबर एका कोपऱ्यात तुमचा स्प्रू टांगायला तयार होईल असा एखादा मालक भेटतो. लॅकर पॉलिस्टायरीनला चालणारा आहे ना आणि वाळवायची भट्टी किती डिग्रीला ठेवतात, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. पॉलिस्टायरीन शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, बारीक भाग त्याच्या बरेच आधी वाकतात.

जुना क्रोम आणि लॅकर घरीच पूर्ण काढून न्या. बाईंनी सांगितल्याप्रमाणे नॅफ्थलीनचा वास पूर्ण गेल्याशिवाय नेऊ नका, नाहीतर निर्वात टाकीत ते बाहेर येईल आणि मालक पुन्हा दारात उभा करणार नाही. आणि भाग स्प्रूवरून तोडू नका. टांगायला तोच लागतो.