बीएस्सीचं इंग्रजी: स्पोकनचा क्लास लावू की नको?

चुनाभट्टीकर
दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स गाइडच्या जोरावर निघाली. आता एफवायबीएस्सी. विषय कळतो, पण जर्नल (प्रयोगवही) लिहिताना अडखळतो, लेक्चर अर्धं डोक्यावरून जातं, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तर तोंडच उघडत नाही. घरचे म्हणतात, दादरला तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. उपयोग होईल?

ब्युरेट
तूर्त पैसे वाचव. स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची, असल्या क्लासात हेच जास्त. जर्नलचं इंग्रजी ठरावीक असतं. मॅन्युअलमध्ये कृती आज्ञार्थी असते: 'पिपेट आउट', 'हीट', 'फिल्टर'. जर्नलात तीच भूतकाळी कर्मणीत लिहायची: 'वॉज पिपेटेड', 'वॉज हीटेड', 'वॉज फिल्टर्ड'. अशी वीसेक क्रियापदं पक्की झाली की सेमिस्टरभराच्या कृती लिहून होतात. नियम किंवा तत्त्व मात्र वर्तमानकाळात. अर्धं आज्ञार्थी आणि अर्धं 'वुई हीटेड' अशी खिचडी केलीस की जर्नल परत येणार.

खरा घोळ बारक्या शब्दांत होतो. 'डायल्यूट टू 100 एमएल' म्हणजे पाणी घालून एकूण 100 मिली करायचं. 'डायल्यूट विथ 100 एमएल' म्हणजे 100 मिली पाणी वरून घालायचं. 0.1 मोलर (मोलर म्हणजे तीव्रतेचं एकक) द्रावण 10 मिली घेतलंस, तर पहिल्या पद्धतीने 0.01 मोलर येईल, दुसरीने साधारण 0.0091. म्हणजे जवळपास 9 टक्के कमी, आणि शिव्या खाणार द्रावण मोजून सोडायची बिचारी ब्युरेट नळी! तापमान 'इन्क्रीज्ड बाय 20' आणि 'इन्क्रीज्ड टू 20' यांतही तसाच फरक. पहिल्यात 20 अंशांनी वाढलं, दुसऱ्यात 20 अंशांवर पोचलं.

सिग्मा_एक्स
लेक्चर डोक्यावरून जाण्याचं एक कारण सहसा कोणी सांगत नाही: समीकरणं इंग्रजीत ऐकायची सवयच नसते. अंश, छेद, घात, वर्गमूळ हे कानात बसलेलं, आणि सर म्हणतात 'टेन टू द पॉवर मायनस थ्री', 'डी टू एक्स बाय डीटी स्क्वेअर'. ते मनात उलगडेपर्यंत फळा पुसलेला. पुस्तकातली पाच समीकरणं रोज मोठ्याने इंग्रजीत वाच. (लोकलमध्ये नको, लोक बघतात.) एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या फुकट ऑनलाइन लेक्चरांच्या साइटवर) बऱ्याच लेक्चरांची लिखित प्रत मिळते. आधी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, मग प्रतीशी ताडून पाहायचं. सबटायटल आधीच लावलेस तर कानांना काही कामच उरत नाही.

कलिना_कट्टा
ब्युरेटशी अर्धाच सहमत. पुढे प्रोजेक्टचं सेमिनार असतं, इंटर्नशिपसाठी ईमेल लिहावे लागतात. तिथे वीस क्रियापदांवर भागत नाही. पण त्यासाठीही क्लासपेक्षा वाचन बरं. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. त्यात 570 शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि विद्यापीठीय मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द त्यांत येतात. यादी घोकू नकोस, फुकट जाईल. पाठ्यपुस्तकात त्यातला शब्द दिसला की अख्खं वाक्य उतरवून घे. रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द आधी पक्के हवेत, हे मात्र धरूनच चाल.

संशोधनाचा पेपर वाचायला घेतलास तर आधी शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट (सारांश), मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी. मेथड्स सगळ्यात शेवटी. 'सजेस्ट' लिहिलंय की 'शो' हे बघ. लेखकाला किती खात्री आहे ते तिथे कळतं.

चुनाभट्टीकर
धन्यवाद सगळ्यांना. आणि व्हायव्हा?

ब्युरेट
एका वाक्यात उत्तर, 'बिकॉज'ने सुरुवात. समजा टायट्रेशनमध्ये रंग बदलून शेवट दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन का वापरलं? 'बिकॉज द इक्विव्हॅलन्स पॉइंट इज अबव्ह पीएच 7.' (म्हणजे आम्ल आणि अल्कली बरोबरीला येतात तो बिंदू पीएच 7 च्या वर आहे.) आम्ल दुर्बल आणि अल्कली तीव्र असेल तेव्हाच हे उत्तर चालेल, म्हणून आपल्या प्रयोगात काय होतं ते आधी बघ. प्रत्येक प्रयोगाला असे तीन 'का' लिहून ठेव आणि मित्राला विचारायला लाव. मनातल्या मनात म्हटलेलं ऐनवेळी जिभेवर येत नाही.